आहाराचा रकाना

बाई,

आज दुपारी एक मुलगी तुमच्या वह्या न्यायला येणार आहे, म्हणून लिहायला बसले आहे. तिचा फोन गेल्या आठवड्यात आला. मुंबईला पीएच.डी. करते, तुमच्याच विषयावर: मेंदूत अगदी किंचित प्रमाणात असणारी अमाइन्स आणि त्यांच्यामुळे सुटणारं डोपामीन. तुमचा लेख तिला जवळजवळ पाठ आहे. कंपवाताच्या रुग्णांच्या लघवीत ही अमाइन्स कमी आणि आमच्या कोळीवाड्यातल्या धडधाकट माणसांत जास्त, या एका वाक्यावर तिने आपला आराखडा रचला आहे. पावसाळा लागला की ती पुन्हा याच किनाऱ्यावरून माणसं गोळा करणार आहे. "मॅडम, माझं सगळं त्या आकड्यांवर उभं आहे हो," असं म्हणाली. मी ये म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुमची पत्र्याची ट्रंक खाली काढून ठेवली आहे आणि रोज तिला वळसा घालून चालते आहे. नुसत्या वह्या दिल्या तर मुलगी खूश होऊन जाईल. वह्यांखालचं पाकीट दिलं तर तुमचा लेख उरणार नाही.

तुमच्याकडे लागले तेव्हा मला बी.एस्सी. होऊन तीन महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात आकडा चुकला म्हणून मी वहीचं पान फाडलं. तुम्ही टोपलीतून तो बोळा काढलात, टेबलावर तळहाताने सपाट केलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चुकलेलं पान हीसुद्धा नोंद असते. ते फाडणारी माणसं मला नकोत. घरी जायचंय का?" त्यानंतर मी प्रयोगशाळेतला एक कागद टाकलेला नाही. दुपारी डबा खाताना मात्र तुम्ही वेगळ्या असायचात. डोपामीन म्हणजे कोठारातलं धान्य, म्हणायचात. सगळे धान्य मोजत बसलेत, दार किलकिलं करणारी ही चिमूटभर पोरं कोणी बघत नाही. टायरामीन, फेनिलइथिलअमाइन. इतकी थोडी, की लोक त्यांना गाळ समजत. ती खरंच दार ढकलतात का, आणि ती कमी पडली की माणसाचे हात कापायला लागतात का, हे तुम्हाला बघायचं होतं. जिवंत मेंदू उघडता येत नाही, म्हणून लघवीत बघायचं. आता म्हणे पेशींवर या पोरांसाठी वेगळी जागाच सापडली आहे आणि तिच्यावर चालणारी औषधं शोधताहेत. ती मुलगी फोनवर हे सांगत होती आणि मला तुमचा डबा दिसत होता.

रुग्ण तुम्हाला वॉर्डात मिळाले. धडधाकट माणसं मिळेनात. चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवून कोण देणार? मीच म्हटलं, आमच्या वाड्यातून आणते. आणि पावसाळ्यात आणते, कारण एरवी पुरुष चार-चार दिवस समुद्रावर असतात. होड्या वर ओढल्या की सगळे घरी. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. "हुशार आहेस," म्हणालात. तुमच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. आहाराच्या सूचना तुम्ही स्वतः लिहून दिल्यात: आधीचे तीन दिवस आणि त्या दिवशी सुकी मासळी नाही, आंबवलेलं नाही. मासळी खारवून वाळवली की तिच्यात टायरामीन वाढतं, हे तुम्हीच शिकवलं होतंत. मी मान डोलावली. होड्या वर असतात तेव्हा आमच्या घरांत सुक्या मासळीशिवाय भाकरीबरोबर दुसरं काही नसतं, हे मला, त्याच वाड्यात जन्मलेल्या मुलीला, त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले आहे.

बाटल्या वाटल्या. आत आम्लाचे थेंब आहेत, बोट घालू नका, असं दहा-दहा वेळा बजावलं. नमुन्याच्या दिवशी सकाळी मावशीच्या घरात शिरले तर ती तव्यावर सुका जवळा परतत होती.

"मावशी, सांगितलं होतं ना!"

"सांगतलंस त खरा. पर पावसात सुकी न्हाय खायाची त मंग काय रेती खायाची?"

"चार दिवसांचा प्रश्न होता."

"चार दीस! तुजा काका जवल्याबिगर भाकरीला हात लावीत न्हाय. आनि मुताला कदी सुकटीचा वास येतो काय गो? तुजी बाई हुंगून बगते काय?"

ओटीवरच्या बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "शिकली पोर, न आमाला उपाशी माराया आयली." मी घरोघर फिरले. सगळीकडे तेच. चिठ्ठ्यांवर मी खरं लिहिलं, पेन्सिलीने: जवळा, बोंबील, सुकट. मग बाटल्या मासळीच्या बर्फात बांधल्या आणि पावसात लाँच बंद असल्यामुळे एस.टी.ने पेणवरून मुंबईला निघाले. खोकं मांडीवर होतं. खरं सांगितलं तर नमुने ओतून द्यायचे, रुग्णांचे आकडे तसेच पडून राहायचे, वर्ष वाया. आणि हुशार हा शब्द परत द्यायचा. दुसऱ्या दिवशी पक्का तक्ता केला. आहाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'सुकी मासळी: नाही' लिहिलं. तुम्ही विचारलंत, "आहार?" मी म्हटलं, "पाळला, बाई." चिठ्ठ्या पाकिटात घालून तुमच्याच कपाटात ठेवल्या, कारण कागद टाकायचा नव्हता.

खाल्लेलं टायरामीन मेंदूपर्यंत जात नाही, बहुतेक सगळं आतड्यात आणि यकृतातच मोडतं. पण बाटलीतलं अमाइन माणसाच्या शरीरात तयार झालं की मावशीच्या तव्यावरून आलं, हे फ्लोरिमीटरला, आपल्या त्या मोजणीच्या यंत्राला, कळत नाही. काटा चढला. तुम्ही काट्याकडे बघत उभ्याच राहिलात.

आषाढ संपायच्या आत तुम्ही लोकांचे आभार मानायला स्वतः आमच्याकडे आलात. मावशीने भाकरी, जवळा आणि भाजलेले बोंबील वाढले. तुम्ही आवडीने जेवत होतात. मग तिला विचारलंत, "रोज असंच असतं का?"

"पावसात दुसरा काय असतंय, बाय," मावशी म्हणाली.

तुम्ही हातातला घास तोंडात घातलात, सावकाश चावलात आणि माझ्याकडे बघितलंत. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेले. परतीच्या एस.टी.त तुम्ही फ्लोरिमीटरचा दिवा बदलायला हवा, एवढंच बोललात. पुढे कित्येक आठवडे मी तुमच्या हाकेने दचकत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. लेख छापून आला. मदतनीस मुलीचं नाव लेखात घालायची तेव्हा पद्धत नव्हती. तुम्ही माझं घातलंत, तुमच्या खालोखाल. ते बक्षीस होतं की दुसरं काही, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. निवृत्त होताना ट्रंक माझ्याकडे पाठवलीत. पाकीट तळाशी होतं. ते तुम्ही बघितलं होतंत की नाही, हेही तुम्ही होतात तोवर विचारायचं राहिलं.

ती येऊन गेली. उन्हातून आली होती, पाणी पिऊन लगेच वह्यांशी बसली. पानं उलटताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी पाकीट हातात धरून नुसतीच उभी. मग ते तिच्यापुढे ठेवलं. तिने पाच-सहा चिठ्ठ्या वाचल्या, तक्ता वाचला, पुन्हा चिठ्ठ्या वाचल्या.

"मॅडम, म्हणजे सगळ्यांनीच खाल्लं होतं?"

"एक आजोबा सोडून. त्यांना दात नव्हते, ते पेज प्यायचे."

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "दीड वर्ष गेलं माझं," म्हणाली. मी तिची समजूत घातली नाही. पुढची तीन वाचली, असं म्हणाले. थोड्या वेळाने तिने सरळ विचारलं, "तुमच्या बाईंना माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"तसं लिहून द्याल?"

दिलं. तुमच्या त्या जेवणाचं तिला सांगितलं नाही. खरं उत्तर 'मला माहीत नाही' असं होतं, आणि ते मला लिहिता आलं नाही, बाई. हे पत्र तिला द्यावं असं एकदा मनात आलं. दिलेलं नाही, देणारही नाही.

आज तिच्या ताब्यात दिलं ते असं: प्रयोगवह्या तीन. आहाराच्या मूळ चिठ्ठ्या, पेन्सिलीतल्या, पाकिटासह, सगळ्या. आहाराचा पक्का तक्ता एक, माझ्या अक्षरातला. आणि माझ्या सहीचं एक पान: 'हा तक्ता मी जाणूनबुजून खोटा भरला. बाईंना याची कल्पना नव्हती.'