माहिती कोणी दिली?

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

आज गुणवंतीवर ओरडले. मी! अख्ख्या मानसोपचार ओपीडीसमोर.

तिचा नवरा लहू, कापडगिरणीच्या साचेखात्यातला, मागावरचा. संपाला वर्ष उलटलं तशी आधी त्याची झोप गेली, मग बोलणं. डॉक्टर गोळ्या देतात. मी सोशल वर्कर, मी बोलते, घरी जाऊन बघून येते. गुणवंती म्हणाली, "बाई, हे जेवत नाय, बोलत नाय. बघा ना जरा." आणि मी म्हटलं, "सगळ्यांच्याच घरी तेच चाललंय!" तिनं पदर सारखा केला आणि नवऱ्याला घेऊन गेली.

बुधवार, ९ फेब्रुवारी

लहूच्या चाळीत जायचं होतं. बसस्टॉपवर उभी राहिले. दोन बस सोडल्या. रडू आलं – कशाचं, देव जाणे! परत येऊन रजिस्टरात लिहिलं, 'घर बंद.' खोटं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी वडील विचारत होते. "काय झाला गो तुका? जेवणस नाय ती?" अण्णा स्वतः संपात. त्यांना काय सांगू – दिवसभर तुमच्यासारख्यांचं ऐकून माझा जीव विटलाय?

गुरुवार, १०

झोप नाही.

शनिवार, १२ फेब्रुवारी

आमची शनिवारची बैठक. प्रत्येकीनं एक केस मांडायची. शेवंताताई सगळ्यांत सीनिअर, नायगावच्या चाळीत वाढलेल्या. त्यांना गुंडाळणं कुणाला जमलेलं नाही. मी गुंडाळायला गेले!

केस लिहून नेली. 'राधा, वय चौतीस, शिक्षिका. झोप नाही. घास हातात घेऊन बसते. बसस्टॉपवर रडते. कामात खोटं बोलली.' वाटलं, कुणीतरी उपाय सांगेल, तो गुपचूप घरी नेईन. काय पण माझी अक्कल!

सगळ्या बोलल्या, छान बोलल्या. ताईंनी कागद मागून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. "माहिती कोणी दिली? रकाना कोरा आहे."

शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी आम्ही हेच तर शिकवतो – हिस्टरी सांगितली कोणी ते आधी लिहा. पेशंटनं, बायकोनं, शेजाऱ्यानं. मी काय लिहिणार होते? "ओळखीतल्या आहेत..." एवढंच पुटपुटले.

ताईंनी बाकीच्या गेल्यावर कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. "त्या बाईला सांग, केसपेपर काढ म्हणावं. नोकरी जात नाही त्यानं. माझी नाही गेली."

ताईंची? ताईंची पण? मग मी रडले, चांगली हुंदके देऊन. त्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. बोलून बोलून आमची तोंडं दुखतात, पण आज त्या एका शब्दानंही समजावायला गेल्या नाहीत. फार बरं वाटलं.

रविवार, १३ फेब्रुवारी

नाही काढणार केसपेपर! उद्या ओपीडीत लहू-गुणवंती येतील. मला पेशंटच्या बाकावर बघितलं तर कशाच्या भरवशावर येतील पुन्हा माझ्याकडे? बुडत्यानं बुडत्याचा हात धरायचा का?

अण्णांनी पेज केली. स्वतः! मीठ जास्त झालं होतं. अर्धी वाटी गेली पोटात. समोर बसून राहिले बिचारे. मला त्यांची फार माया आली, आणि लाजही.

सोमवार, १४ फेब्रुवारी

केसपेपर काढला. स्वतःच्या नावानं.

बाकावर ती दोघं होतीच. गुणवंतीला सांगितलं, "त्या दिवशी चुकलं माझं. बुधवारी मी आलेच नाही. आज मीच पेशंट आहे." ती मग नवऱ्याला म्हणाली, "सरका वो. बाईंना बसू दे." तिघं दाटीवाटीनं बसलो.

लहूचा नंबर पुकारला. तो उठेना. शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा लहूचा आवाज ऐकला.

"बाईंना जाऊ दे आधी. आमी थांबतो."