रफिनला कोण घेणार?

२६ जानेवारी, सोमवार
संकल्प: यंदा ब्रिनवर जळायचं नाही. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, आमच्या बफेलोच्या बास्केटबॉल टीमच्या ऑफिसात येऊन धड दोन वर्षं नाहीत, आणि बसते कुठे? टीम चालवणाऱ्या गससाहेबाच्या उजव्या हाताला! एकोणीस वर्षं ती खुर्ची माझी होती. मला खिडकीशी बसवलंय. गस म्हणे, नॉर्ब, तिथून तुला बर्फ छान दिसेल.

असो. जळत नाही.

५ फेब्रुवारीला दुपारी तीनला खेळाडूंची अदलाबदल बंद. त्याआधी डेझ रफिनला कुठल्यातरी टीमच्या गळ्यात मारणार. वय छत्तीस, गुडघा कामातून गेलेला, करार मात्र अवाढव्य आणि अजून दोन वर्षांचा. हे जमलं की खुर्ची परत माझी. गस तसं बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत होतं.

२८ जानेवारी
मीटिंग. दरवर्षीसारखी गसची टोपी फिरली. चिठ्ठीवर एकच नाव लिहून टाकायचं, आधी कुणाला काढावं. सात चिठ्ठ्या. पाचांवर रफिन, एकीवर दुसरा कुणी. एकीवर नॉर्ब. कुणीतरी गंमत केली. सर्वांत मोठ्याने मीच हसलो.

ब्रिन म्हणाली, रफिनची किंमत गुडघ्यात नाही, तो सकाळी सहाला येतो म्हणून नवी पोरंही सहाला येतात. गसने हे वहीत लिहून घेतलं! माझं बोलणं त्याने शेवटचं लिहिलं २०१४ साली, तेही बहुधा जेवणाची ऑर्डर असावी. अंगाची नुसती आग झाली.

३० जानेवारी
पाच टीमना फोन. चौघं हसले. ओमाहावाले म्हणाले, घेतो, पण जोडीला नव्या पोरांतला एक निवडायचा तुमचा हक्क आम्हाला द्या. फोन आपटला.

कँटीनमध्ये सगळ्यांना ठणकावून सांगितलं, ज्याला खपवायला वर काहीतरी द्यावं लागतं तो माणूस नव्हे, जुना सोफा. मागे रफिन ताट घेऊन उभा. त्याने माझ्या चिकन विंग्जसाठी चीजची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, नॉर्ब, गुडघा कसा आहे? मी म्हणालो, कुठला गुडघा? जिना लिफ्टने चढलो.

२ फेब्रुवारी
टल्साच्या टीमचा फोन. रफिन नको, ब्रिन द्या! आमच्या धंद्यात ऑफिसातला माणूस नेला तरी मोबदला द्यावा लागतो. तिच्यासाठी ते निवडीचे दोन हक्क द्यायला तयार. दोन! एकोणीस वर्षांत मला कुणी फुकटही मागितलं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. जाऊ दे की बया! गसला अगदी जड मनाने सांगितलं. तो म्हणाला, ब्रिनला सोडत नाही, आणि तू हसतोयस कशाला?

४ फेब्रुवारी
टल्साला गुपचूप फोन केला. म्हटलं, ब्रिन मिळणार नाही, पण तिला घडवणारा माणूस मिळू शकेल. घडवली वगैरे नाही, पण छपाईचं यंत्र कुठे आहे ते मीच दाखवलं होतं. किंमत नम्रपणे एकच हक्क सांगितली. ते म्हणाले, उद्या गसशी बोलतो.

टेबलावरचा मग घरी आणला. लोरेनला म्हटलं, टल्साला जायची तयारी ठेव. तिने विचारलं, त्यांनी तुला मागितलं, की तू त्यांना विचारलंस? बायकोला धंद्यातलं काय कळतंय.

५ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
संपलं. टल्साचा फोन अडीचला आला. गसने स्पीकरवर टाकला. म्हणाले, नॉर्बला घेतो, पण जोडीला निवडीचे दोन हक्क तुम्ही आम्हाला द्या.

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ब्रिनने मान खाली घातली. आणि गस, माझा एकोणीस वर्षांचा गस, घासाघीस करायला लागला! दोनाचा दीड होतो का बघत होता. तीनला दोन मिनिटं असताना म्हणाला, नाही परवडत, राहू दे त्याला.

रफिन मात्र गेला. ब्रिनने तेच सकाळी सहाचं सांगून ओमाहाला पटवलं. जोडीला काहीही न देता. उलट त्यांनीच एक पोरगा दिला.

रफिन निरोप घ्यायला खिडकीशी आला. गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सोडली, माझ्या हातात दिली. म्हणाला, ठेव, नॉर्ब, लागेल तुला.

गुडघ्याला लावून बसलोय. बरं वाटतंय.