न्हाणीत ओतलेली नीळ

आत्याबाई,

आज सकाळपासून आमच्या यवतमाळच्या घरात ठोकाठोक चालली आहे. बाथरूमचं पाणी भिंतीत उतरतं म्हणून कारागीर आलाय आणि फरशी फोडून राहिलाय. तुमचा नातू नाकाला रुमाल लावून दारात उभा आहे, आणि मी खाटेवर बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण मोरीचा तो ओला, कुबट वास आला की तुम्ही काष्टा खोचून माझ्यासमोर उभ्याच राहता. सुनेनं सासूची आठवण मोरीच्या वासानं काढावी, हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता.

साठ सालच्या आगेमागे मी तुमच्या घरी सून म्हणून आले. लग्नाची हळद उतरवायला मला न्हाणीत पाटावर बसवलं. घर जुनं, न्हाणी देवखोलीला अगदी लागून. बायकांनी गाणी म्हणत हंडेच्या हंडे पाणी घातलं आणि अंगावरची हळद मोरीतून वाहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवखोलीत एकच ओरडा. देवाच्या कोनाड्याखाली भिंतीवर पिवळाजर्द ओघळ उतरला होता. तुमच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे माझ्या चुलतसासू, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पाय व माय! देवानं नवरीची हळद टाकून देल्ली. देवाले सून पसंत नाई." झालं! घटकाभरात गावभर. पाठराखीण म्हणून सोबत आलेली माझी मावशी रडत रडत माझी ट्रंक भरायला लागली. मामंजी ओट्यावर बसून सुपारी कातरत राहिले. त्यांचं ते सुपारी कातरणं मला चुलतसासूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. हळद उतरल्या उतरल्या परत पाठवलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं?

तुम्ही चुलीपासून उठून आलात, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. ओघळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "दर दिवाळीले आपण या भिंतीले पांढऱ्या मातीचा पोतारा मारतो, अन् दर साली ते पोपडे टाकते," तुम्ही म्हणालात. "तवा कोणाची हळद होती व?"

"देवाशी वाद नोका घालू, बाई," चुलतसासू म्हणाल्या.

"वाद कायले? देवालेच इचारू ना."

मामंजींच्या धोतरांना लावायची नीळ फळीवर होती. अख्खी पुडी तुम्ही बादलीत कालवली आणि ते निळंशार पाणी सगळ्यांदेखत न्हाणीत ओतलं. एक बादली, मग दुसरी. "बसा आता भिंतीपुढं. माह्या सुनेनं काही निळीची आंघोळ केली नाई." बायका खरंच भिंतीपुढं मांडी घालून बसल्या. मी दाराआड उभी. आणि तुम्ही? तुम्ही परत चुलीशी जाऊन भाकरी थापत होता! थप थप आवाज स्वयंपाकघरातून येतोय, एका लयीत. मला आजही त्याचं नवल वाटतं. एका पोरीचा जन्म टांगणीला लागला होता आणि तुमची एक भाकर काठाला फाटली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कोणीतरी "अगो माय!" म्हणालं. पिवळ्या ओघळावरूनच निळा ओघळ उतरत होता. तुम्ही तव्यावरची भाकर काढून मगच आलात आणि म्हणालात, "देवाले नीळ बी पसंत नाई वाटते." ओट्यावर मामंजी हसले. त्या घरात मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं हसू.

दुसरी कोणी असती तर एवढ्यावर जिंकले म्हणून बसली असती. तुम्ही पहार मागितली. मामंजी म्हणाले, गवंडी बोलावतो. "गवंडी येईन तवर भिंत बसंन," म्हणत तुम्ही न्हाणीची फरशी उचकलीसुद्धा. खाली भाजक्या मातीच्या नळ्या, एकीत एक बसवलेल्या. तुम्ही पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला आणि एका सांध्यातून कडुनिंबाचं मूळ ओढून काढलं, माझ्या वेणीएवढं जाड. बोरी अरबच्या बाजारातून चुना आणवला, विटेचा चुरा आणि गुळाचं पाणी घालून तो मळला, त्यात अंबाडीच्या तंतूंचा वाख भिजवला आणि सांध्याभोवती घट्ट गुंडाळला. मग मला हाक मारली, "ये व पोरी, चुन्यावर पाणी शिंपड. हळूहळू."

"नव्या नवरीले मोरीत?" चुलतसासू ओरडल्या.

"तिच्या हळदीनंच तं भोक दाखवलं," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "नाई तं एक दिवस देवासकट भिंत पडली असती."

बस, तेवढं एक वाक्य. दिवेलागणीपर्यंत गावात गोष्ट उलटी फिरली: सुनेच्या पायगुणानं देवखोली वाचली. मी तुमच्याकडं पाहत राहिले. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चुन्याचा पट्टा. मला कळेना, आत बसलेल्या देवाच्या पाया पडू की या बाईच्या? मी तुमच्या पाया पडले. तुम्ही खेकसलात, "पाया कायले पडतं! तिकडं सरक, सांधा ओला हाय." तो सांधा वाळेपर्यंत सगळं घर विहिरीवर आंघोळीला जात होतं, आणि मी मान वर करून त्या वाटेनं चालत होते. एवढी मोठी बाई मी पुन्हा पाहिली नाही, आत्याबाई. शिकलेल्यांत नाही, देवळात नाही.

कारागिराचं काम उरकलं वाटतं, ठोकाठोक थांबली. हे पत्र जाणार कुठं, गादीखालीच राहील. पण एक सांगून टाकते. पुढं कधीतरी सारवता सारवता तुम्ही मला विचारलं होतं, "त्या दिवशी लय भेली होती काय व?" मी नाही म्हटलं होतं. भीती नव्हतीच ती. तो पिवळा ओघळ पाहिला तेव्हा मलाही वाटलं होतं की देवानं मला टाकलं, आणि बरोबरच केलं असेल. भिंत निळी होईपर्यंत त्या घरात माझ्या बाजूनं एकट्या तुम्ही होता. मीसुद्धा नव्हते.