समुद्रापासूनचं अंतर

लिंबागणेश, ता. जि. बीड
रविवार, ५ मे २०२४

चि. सौ. मंगल हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. दाजींना नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे काल बेचाळीस अंश होतं आणि अजून कुणी वितळलेलं नाही. तुझी वहिनी दीपमाला लग्नासाठी घाटनांदूरला माहेरी गेलीय. माझं निवडणुकीचं प्रशिक्षण झालं. तेराला मतदान, मशिनं जमा केली की चौदाला सुटका.

पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि आई शेजारीच बसलेली असते. मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. एकदा माठ भरला, एकदा उगाच फाटकाला कुलूप लावून आलो.

तू पाठवलेला फोटो पाहिला. गुहागरच्या तुमच्या अंगणात आईच्या कुरडया आणि त्यांच्यावर हिरवी बुरशी! खरं सांगतो, आधी हसूच आलं. बाईनं तीन दिवस गहू भिजवला, चीक शिजवला, सोऱ्यानं कुरडया पाडल्या, आणि तुझी सासू संध्याकाळी आत घ्या म्हणत असताना रात्रभर उघड्यावर ठेवल्या. आपल्या स्लॅबवर ठेवते तशा. इथं त्या सकाळी खडखडीत वाजतात. तिथं भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो, तिथं कुरडई कुठली वाळतीय! मी वर्गात शिकवतोच की. समुद्र उशिरा तापतो, उशिरा निवतो, म्हणून किनाऱ्यावर ऊन बेताचं आणि हवेत कायम ओल. पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात, तिकडेच रिकामे होतात, आणि आपल्या बालाघाटावर येतं ते उरलंसुरलं.

मग फोटोखालचं वाचलं. ‘आई दोन दिवस नीट जेवली नाही. घरी जायचं म्हणते. काय करू दादा?’ तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

फेब्रुवारीत तिला तुझ्याकडे सोडलं तेव्हाही मी हाच भूगोल सांगितला होता. गेल्या मे महिन्यात ऊन लागून ती स्लॅबवर पडली, तीन दिवस बीडला दवाखान्यात होती, आता पुढचा उन्हाळा तिला सोसायचा नाही, समुद्राकाठची हवा सम असते, वगैरे वगैरे. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आई तेवढी म्हणाली, "उन्हानं काय हुतंय? समदा जलम उन्हातच गेला की."

सांगितलेली कारणं सगळी खरी होती, मंगल. फक्त मी तिला त्या कारणांसाठी पाठवलं नाही.

ती पडली तेव्हा मी झोपलो होतो, असं सगळ्यांना सांगितलं. तुलाही. मी झोपलो नव्हतो. शाळेतल्या पोरांसाठी मोबाइलवर धड्याचा व्हिडिओ काढत होतो. हवामानावर परिणाम करणारे घटक. आवाज नको म्हणून कूलर बंद केला होता, दार लावून घेतलं होतं. अक्षांश सांगून झाले. उंची सांगत होतो, की कीटो शहर विषुववृत्ताला खेटून आहे, तरी उंचावर म्हणून थंड. तेवढ्यात वरून हाक आली, "बंकट, तांब्याभर पानी दे रे." कुरडया ओल्या होत्या, कावळे टपले होते, त्या सोडून ती खाली उतरणार नव्हती. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. मी "आलो" म्हणालो आणि चिडलो. इतकं छान जमत होतं, त्यात तिचा आवाज घुसला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

थोड्या वेळानं दुसरी हाक. "बंकट, लई तहान लागली रे बाबा." या खेपेला मी थांबलोही नाही. तेवढा तुकडा नंतर कापू म्हटलं. व्हिडिओत सगळं ऐकू येतं. तिची हाक, माझं "आलो गं!", आणि लगेच, "तिसरा घटक, समुद्रापासूनचं अंतर." पुढं मी हसत हसत आटाकामाचं वाळवंट सांगतोय, की ते समुद्राला लागून आहे, तरी थंड प्रवाहामुळं तिथं पाऊस जवळजवळ पडतच नाही. आई माझ्या डोक्यावर एक स्लॅब सोडून होती.

शेवटी शेजारच्या तुळजाबाई ओरडल्या, "गुर्जी, धावा! सुंदरबाई पडल्या हायत!" तेव्हा मी दार उघडलं.

आईला सगळं माहीत आहे. तरी दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाली, "उपास हुता, चक्कर आली." कसला उपास? सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यापासून मात्र रोज विचारायची, "बंकट, घरात पानी हाय का रे?" आपल्याकडे उन्हाळ्यात कुणीही विचारतं. पण मला ते ऐकवेना. तिच्यावर खेकसायला लागलो. दीपमालाला वाटायचं, मास्तर उन्हानं तापलेत. म्हणून आईला पाठवलं, मंगल. तिच्या तब्येतीसाठी नाही, मला तो प्रश्न ऐकायचा नव्हता म्हणून. आता ती नाही, तर घर खायला उठतं. माठ काठोकाठ भरलेला असला तरी मी झाकण काढून बघतो.

काल स्लॅबवर हिरवी जाळी बांधली. सावलीत तिची बाज टाकली, उशाला लहान माठ ठेवला. कुरडया तिनं सांगाव्यात, मी पाडीन. ऊन चढायच्या आत तिला खाली आणीन. हे सगळं लिहायला सोपं आहे, मला कळतं.

आता एक कर. हे पत्र आईला वाचून दाखव. सगळं, पाण्याचंसुद्धा. ती येत नाही म्हणाली तर तिच्यावर जोर करू नकोस. तरी मी येणारच आहे. पंधराला दुपारपर्यंत गुहागरला पोचतो. तिनं विचारलं, कशाला येतोय, तर सांग, गेल्या वर्षी स्लॅबखालून दोनदा म्हणाला होता ना, ते पुरं करायला.

आलो.

तुझा दादा,
बंकट