बँडसॉची धपधप थांबल्याबद्दल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा भुशाने भरलेल्या हातांनी साष्टांग नमस्कार (साष्टांग अशासाठी, की गेले कित्येक दिवस मी बँडसॉखाली तसाही पालथाच पडलेला आहे). भाऊजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळूनही कुरकुरत असेल तर कुरकुरू दे, असं माझं अनुभवाचं मत आहे. का, ते पुढे कळेलच. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्रास कारण आपला बँडसॉ. बाबांनी घेतलेलं ते माणसापेक्षा उंच मशीन, वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गरगरणारा दातेरी पट्टा. लहानपणी आपण दोघं त्याला भ्यायचो. मी अजून भितो. त्याला अलीकडे धपधप लागली होती. म्हणजे बरीच वर्षं होतीच, पण तुझ्या भावजयीच्या कानाला अलीकडे लागली. कपाट हलतं, कपबश्या हलतात, माझं डोकं हलतं, असं तिने सुरू केलं. गिऱ्हाइकंही दारात उभी राहून, घरात कुणी म्हातारं माणूस खोकत असावं तसा चेहरा करायची. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

आता सुताराच्या दुकानात मशीन आजारी म्हटल्यावर वैद्यांना काय तोटा! शेजारचा शिंपी (जगातला प्रत्येक आवाज तेलावाचून होतो असं त्याचं ठाम मत आहे, बायकोचासुद्धा) शिवणयंत्राचं तेल घेऊन आला आणि माझी पाठ वळताच सढळ हाताने ओतून गेला. ते गेलं मोटारीच्या बेल्टवर. बेल्ट घसरू लागला आणि धपधपीच्या जोडीला किंचाळणंही आलं. मग आला आपला रेडिओ. (माझा मित्र गं. गावभरच्या बातम्या आधी त्याला कळतात म्हणून हे नाव; दुरुस्ती तो पंपांची करतो.) तो म्हणाला, स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लाव, आतलं सगळं ऐकू येतं. मी लावली. आत स्पष्ट धपधप! बेरिंग गेलं, असं म्हणून मी सगळी बेरिंगं उपसून काढली, नवी ठोकली, मूठ पुन्हा कानाला लावली, तर धपधप आहेच. तेव्हा रेडिओने हळूच सुचवलं, की मोटार तर बंद आहे. इतका वेळ मी माझंच काळीज ऐकत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

शेवटी पट्टा उतरवला आणि खालचं चाक हाताने सावकाश फिरवलं, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. चाकावरच्या रबराला एक ठिगळ निघालं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कडा घासून निगुतीने चिकटवलेला. बाबांचं काम. दर फेरीला पट्टा त्या उंचवट्यावर चढायचा आणि धप् करायचा. मी अख्खं रबरच बदललं. ताई, मशीन इतकं मुकाट चालायला लागलं, की चालू आहे का हे हात लावून बघायचा मोह व्हावा (असा मोह झालेले दोन सुतार माझ्या माहितीत आहेत, दोघेही आता बोटं नवापर्यंतच मोजतात). तुझ्या भावजयीने न मागता चहा दिला.

दोन दिवसांनी माडीवरून बाबांनी ताट अर्धं परत पाठवलं. मग दाढी करणं सोडलं. कानाशी ओरडलं तरी त्यांना निम्मंच ऐकू येतं, आणि तो उभा जिना उतरणं केव्हाच बंद झालंय, हे तुला माहीत आहे. पण माडीवर त्यांची खाट ज्या खांबाला टेकलेली आहे, त्याच खांबाला खाली बँडसॉ बोल्टांनी आवळलेला आहे. रोज बघत होतो, पण डोक्यात शिरलं नव्हतं. धपधप खांबातून खाटेत आणि खाटेतून त्यांच्या पाठीत जात होती. त्यावरून ते सगळं ओळखायचे: जलद पडली की लाकूड मऊ, मंदावली की जून, आणि फारच रखडली की मी घाईने रेटतोय. मग वरून काठी आपटायची. मला त्या काठीचा किती राग यायचा! बाबा दिवसभर नुसते पडून असतात, असं मी लोकांना सांगायचो. ते दिवसभर दुकानात होते, ताई. मीच त्यांना तिथून घालवलं. फार वाईट वाटतं.

त्यांना वाटतंय दुकान बंद पडलं आणि आम्ही लपवतोय. कानाशी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, बरं. मूठभर ताजा भुसा नेऊन दाखवला, तर हुंगून म्हणाले, मागच्या महिन्यातला आहे. (नव्हता.) उचलून खाली नेतो म्हटलं, तर सुतार दुकानात पायांनी जातो, कुणाच्या कडेवर बसून नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा काल मी नव्याकोऱ्या रबरावर ट्यूबचं ठिगळ चिकटवलं. जो आवाज घालवायला रात्रीचा दिवस केला, तो परत आणायला चहाइतकाही वेळ लागला नाही. मशीन चालू केलं आणि वर बाबा ऐकताहेत म्हणून जपून, शहाण्यासारखं कापलं. काठी काही आपटली नाही. धावत वर गेलो. बाबा उठून बसले होते, पाठ खांबाला, डोळे मिटलेले. म्हणाले, "विकलंस ना मशीन? खाली कुणी दुसराच आहे. हा हात तुझा नाही."

म्हणून हे पत्र. तुझ्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे (खोटं आपण दोघंही सारखंच बोलायचो, पण पकडला जायचो मी). चार दिवस ये, त्यांच्यापाशी बस आणि पटवून दे, की दुकान आपलंच आहे आणि खाली तुझा भाऊच आहे. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ठिगळ्या भाऊ

ता. क. भाऊजी येणार असतील तर गुडघ्याची गोष्ट शिंप्यासमोर काढू नका.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं आहे. आज बाबांनी दाढी केली, पोटभर जेवले आणि मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, झालं ते झालं, पण मशीन चांगल्या माणसाच्या हाती गेलं. लाकडाला रेटत नाही, धीराने घेतो, असा हात त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला. लाज न बाळगता त्याच्याकडे थोडे दिवस शिकायला जा, असंही म्हणाले. माझ्या कामाला आजवर त्यांनी कधी बरं म्हटलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तेव्हा ताई, ये, अगदी जरूर ये, पण खाली कोण आहे ते त्यांना सांगू नकोस.