स्मरणशक्तीची तपासणी

मुलुंड, रविवार संध्याकाळ

आज सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासत होते. तपासणाऱ्या मुलीने पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने मी धडाधड म्हणून दाखवले: चाफा, खुर्ची, नदी, टोपी, मीठ. अजूनही आठवतायत. चाफा, खुर्ची, नदी...

"झकास, आजी! शिक्षिका होता ना तुम्ही? शिकलेल्यांचं डोकं शाबूत राहतं."

बरं वाटलं. मग तिने विचारलं, "काल दिवसभरात कुणाकुणाशी बोललात?"

कुणाशीच नाही. परवाही नाही. हे गेल्यापासून असंच चाललंय. पण सगळ्या शेजाऱ्यांसमोर ते कसं सांगायचं?

"विसरले गं," म्हणाले.

तिचा चेहरा पडला. तिने माझे गुण कापले आणि माझा हात हातात घेतला. मी तो बराच वेळ सोडलाच नाही.