आरशातला पिवळा दिवा

प्रिय पोरी,

मी गाडी घेतली. नवी कोरी, हायब्रिड. तुझ्या कानावर आलंच असेल, मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. या वयात हिला उघडणारं छप्पर कशाला लागतं, हेही तिने सांगितलं असणार. तर आधी ते ऐक. छप्पर मला नकोच होतं.

जुनी गाडी रस्त्यात बंद पडायला लागली आणि त्याच सुमाराला आमची दातांची लॅब गावाबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत गेली. हाताने कवळी घडवणारी माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून मालक मला सोडत नाहीत, आणि मीही घरी बसून भिंतींशी काय बोलू? अंतर वाढलं, पेट्रोल परवडेना, म्हणून हायब्रिड घ्यायची ठरवली. हळू चालवली की ती बॅटरीवर चालते, आवाज म्हणून नाही. तिच्यात मला वेगळी अशी एकच गोष्ट हवी होती. बाजूच्या आरशात एक छोटा पिवळा दिवा असतो. आरशात दिसत नाही अशा जागेत, आपल्या कुशीला, कुणी आलं की तो लागतो. बस, एवढा एक दिवा.

शोरूममधला पोरगा गोड बोलणारा होता. म्हणाला, "मिळेल ना काकू, पण तो सुटा येत नाही. फॅमिली पॅकमध्ये येतो." त्या पॅकमध्ये काय काय होतं म्हणून सांगू? उघडणारं छप्पर, तापणाऱ्या सीटा, दारांना रंगीत दिवे, मागच्या सीटवरच्या मुलांवर नजर ठेवणारा कॅमेरा, आणि एक बोलणारी बाई. मी म्हटलं, बाळा, मी एकटी राहते, फॅमिली पॅक घेऊन काय करू? तो हसला आणि म्हणाला, फॅमिली पॅक घेतला की मोठी चाकंही घ्यावी लागतात, आणि मोठी चाकं फक्त लाल गाडीला आहेत. मी कपाळाला हात लावला. सुई मागायला जावं तर दुकानदाराने मशीन, टेबल आणि वर शिंपीही गळ्यात मारावा, त्यातली गत. दुसऱ्या कंपनीकडे गेले. तिथे दिवा होता, पण फक्त सगळ्यात महागड्या मॉडेलला, आणि ते मॉडेल हायब्रिडमध्ये नाही. तिसरीकडे हायब्रिडला दिवा होता, पण चामड्याच्या सीटा आणि गाण्यांचे मोठाले स्पीकर घेतल्याशिवाय नाही. पुन्हा पहिल्या पोराकडे आले आणि त्याला विचारलं, जीव वाचवायची वस्तू आणि मिरवायची वस्तू एकाच गाठोड्यात कोण बांधतं रे? तो ओशाळला. खाली बघत म्हणाला, "कंपनी बांधते, काकू." मग मी लाल गाडी घेतली. आता रोज सकाळी गाडी सुरू केली की ती बाई विचारते, "सगळे बसलात ना?" आणि मागे कुणीही नसतं. ती गप्प करायची सोय आहे म्हणे, पण ती फॅमिली पॅकच्या वरच्या पॅकमध्ये.

एवढी त्या दिव्यामागे का लागले, हे मी शोरूममध्ये कुणाला सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही. आपल्या राजाचा जीव ज्याच्या व्हॅनखाली गेला, तो माणूस इस्पितळाच्या जिन्यावर बसून रडत होता, आठवतं? प्यायलेला नव्हता, वेगात नव्हता. डावीकडे वळत होता, आणि सायकल त्याच्या डाव्या कुशीला होती. "आरशात दिसलाच नाही हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामा त्याच्या अंगावर धावून गेले. मला मात्र त्याचं खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणूनच रागाला कुठे टेकायला जागा मिळाली नाही. तेव्हापासून स्टिअरिंग डावीकडे फिरवताना माझा हात जड होतो. मान तर वळत नाहीच.

आणि लॅब कुठे गेली, तर राजा रोज सायकलने कामाला जायचा त्याच रस्त्यावर. लाकडाच्या वखारीपासून पुढे, दोन्हीकडे बंद कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मग थोडा उतार, आणि मग डाव्या हाताला आमचं फाटक. राजाच्या नोकरीच्या, त्या पंपांच्या कारखान्याचं फाटक आणखी पुढे, कालव्याच्या पुलाअलीकडे. तू म्हणशील, आई, नोकरी सोडायची होती. सुचलं होतं. सोडली नाही.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा सकाळ होती, थोडं धुकं होतं. वखार ओलांडली आणि डाव्या आरशात पिवळा ठिपका उगवला. मला बरं वाटलं, चला, पैसे वसूल झाले. कोण आहे म्हणून पाहिलं तर कुणीच नाही. भिंत बरीच लांब, मध्ये मोकळी माती. मी वेग वाढवला, दिवा विझला. वाटलं, धुक्याने फसवलं असेल. पण पुढे वेग कमी केला तसा तो परत लागला, जसं कुणी मागे पडलेलं पुन्हा येऊन गाठावं. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, तरी तेच. तिसऱ्या दिवशीही. वखारीपाशी लागायचा, आणि मुद्दाम फाटकाच्या पुढे जाऊन पाहिलं तर कालव्याच्या पुलावर विझायचा. इतर कुठल्या रस्त्यावर असा उगाच लागला नाही.

एकदा मी काच खाली केली. गाडी बॅटरीवर होती, त्यामुळे शांतता अशी की आपलाच श्वास ऐकू यावा. उतार लागला आणि मला आवाज आला. पायडल मारायचं थांबवलं की सायकलचं मागचं चाक टिकटिक करतं ना, तो. उतारभर आला. उतार संपला तसा थांबला, पायडल मारायला लागल्यावर थांबतो तसा. मी काच वर घेतली आणि पुन्हा बरेच दिवस खाली केली नाही.

मला भास होतोय, असं मीही स्वतःला समजावलं. पण वखारीतल्या कुत्र्याला काय समजावणार? तू त्याला पाहिलंयस. गाड्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही, फक्त सायकलींच्या मागे लागतो. राजा त्याला शिव्या घालत पाय वर उचलून जायचा. तो कुत्रा आता माझ्या गाडीपाशी धावत येतो. गाडीवर भुंकत नाही. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर भुंकतो, अर्ध्या रस्त्यापर्यंत त्या जागेच्या बरोबरीने पळतो, आणि मग शेपूट पायांत घालून परत जातो. एकदा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई समोरून येत होती. माझ्या गाडीला तिच्या बाजूने भरपूर वाट होती. तरी ती चार पावलं आणखी कडेला सरकली आणि कुणाला तरी जाऊ दिलं.

शेवटी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. मेकॅनिकने तपासून सांगितलं, सेन्सर ठणठणीत आहे. बदलायचाच हट्ट असेल तर एकटा मिळत नाही, दोन्ही आरसे आणि मागचा अख्खा बंपर एकत्र येतो. मला हसूच फुटलं, तो बिचारा बघतच राहिला. मग म्हणाला, चला, मला दाखवा. त्याला घेऊन त्या रस्त्याला गेले. वखारीपाशी दिवा लागला. त्याने गाडी थांबवायला सांगितली. गाडी उभी असली की हा दिवा लागत नाही, असं तोच मला येताना समजावत होता. गाडी उभी होती आणि दिवा लागलेला होता. तो उतरला, मागे गेला, फडक्याने सेन्सर पुसला. मग आरशाच्या त्या न दिसणाऱ्या जागेत जाऊन उभा राहिला, दिव्याचं काय होतं ते बघायला. क्षणभरच. लगेच बाजूला झाला, गर्दीत आपला कुणाला धक्का लागल्यावर होतो तसा. आत येऊन बसला तेव्हा त्याने काच आधी लावून घेतली. मग म्हणाला, "काकू, दिवा बरोबर काम करतोय. कुणीतरी आहे म्हणून लागतोय. कोण आहे ते दाखवायचं काम त्याचं नाही." पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर भीती गेली, आणि जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. मला सकाळची ओढ लागली. सुट्टीच्या दिवशीही मी त्या रस्त्याला जायला लागले. सायकलच्या वेगाने गाडी हाकायची, मागून लोक हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देत पुढे जायचे. मी राजाशी बोलायचे. लॅबमधल्या गमती सांगायचे, मावशीचे गुडघे, तुझं नवं घर. मावशी एकदा सोबत आली होती. तिने आरसा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि घरी आल्यावर म्हणाली, "ताई, हे बरं नव्हे. तू त्याला धरून ठेवलंयस की त्याने तुला, हेच मला कळेना." मी तिच्याशी भांडले.

पण ती म्हणाली त्यात तथ्य होतं, ते फाटकापाशी कळलं. आमच्या लॅबचं फाटक डावीकडे, आणि दिवा डाव्या आरशात. सुरुवातीला मी इंडिकेटर न देता तशीच वळत असे, लक्षात आलं नव्हतं. एके दिवशी इंडिकेटर दिला, स्टिअरिंग फिरवायला घेतलं, आणि दिवा जोरजोरात लुकलुकायला लागला, सोबत गाडीचा इशाऱ्याचा पिप-पिप आवाज. बाजूला कुणी असताना वळायला लागलं की तो तसा लुकलुकतो, हेच त्याचं काम. मी डावीकडे वळत होते आणि तो माझ्या कुशीला होता. त्या व्हॅनवाल्याने जे न बघता केलं, ते मी दिवा बघून रोज करत होते. मी सरळ पुढे गेले, पुलापर्यंत, दिवा विझल्यावर वळून आले. तेव्हापासून मला त्या फाटकात डावीकडून शिरता आलं नाही. रोज पुलापर्यंत जायचं, वळून यायचं, रोज उशीर. मालकांनी विचारलं, बाई, फाटक समोर दिसत असताना तुम्ही पुढे कुठे जाता?

त्यातच तुझा फोन आला. तुला मी धड काहीच बोलले नाही, दारावर कुणी आलंय असं म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वखार ओलांडली, दिवा लागला, आणि मी फाटकाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. बंद केली. गाडी बंद झाली की सगळे दिवे जातात. तो गेला नाही. मी डावीकडची काच खाली केली आणि तू फोनवर जे सांगितलंस ते सगळं त्याला सांगितलं. त्या गृहस्थांबद्दल, त्यांच्या शाळेबद्दल, तू किती चाचरत बोलत होतीस त्याबद्दल. सांगताना आरशाकडे बघवेना म्हणून समोर बघत होते. सांगून झालं. वखारीतला कुत्रासुद्धा गप्प होता. मग शेजारच्या सीटच्या अगदी दाराजवळून, तिथे बसून हात बाहेर काढला असता तर लागला असता इतक्या जवळून, ती टिकटिक सुरू झाली. ती मागे नव्हती गं, पुढे गेली. बॉनेटच्या बाजूने, फाटकासमोरून, पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. आरशाकडे पाहिलं तर तो नुसता आरसा होता. त्यात भिंत होती आणि माती. मी किती वेळ बसले कोण जाणे. मग गाडी सुरू केली, इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळून फाटकात शिरले.

त्यानंतर तो दिवा फक्त खऱ्या स्कूटरींना लागतो, खऱ्या सायकलींना लागतो, आणि त्या निघून गेल्या की विझतो. कुत्रा वखारीच्या सावलीत झोपलेला असतो. रस्ता इतका रिकामा आहे की काही सकाळी मला तो सहन होत नाही, हेही तुला लपवत नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, त्यासाठीच हे पत्र. तू विचारलंस, "आई, मी पुन्हा लग्न केलं तर तुम्हाला चालेल का?" सासूला असं विचारायची तुला काही गरज नव्हती, तरी तू विचारलंस. मी उत्तर दिलं नाही, कारण ते एकटीने द्यायचं नव्हतं. आता देते. कर, पोरी. मनात काही न ठेवता कर. तारीख ठरली की कळव, वेळ सकाळची घ्या, कारण मी माझी गाडी चालवत येणार आहे आणि अंधारात मला दिसत नाही. आणि त्यांना सांग, माझ्यासाठी वेगळी खुर्ची नको, मी तुझ्या शेजारी उभी राहणार आहे.

तुझीच,
आई